‘नॉर्थ’ म्हणजे डावीकडे!

साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर पहाटे उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. पाठीमागे कास आणि सह्याद्री, उजव्या हाताला कराड-सांगलीची बाजू, डाव्या हाताला वाई आणि पुढे पुणे.

आता शब्द बघा. समोर ती ‘पूर्व’. या शब्दाचा मूळ अर्थच ‘पुढचा’, ‘आधीचा’. मागची ती ‘पश्चिम’. आणि संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा! म्हणून तर देवाला उजव्या हाताला ठेवून घालतो ती ‘प्रदक्षिणा’. ‘दक्षिण’चं प्राकृत ‘दक्खिण’ झालं, त्यातून ‘दख्खन’ आलं आणि इंग्रजांनी त्याचंच ‘डेक्कन’ केलं.

मग डावी बाजू? ती इंग्रजीत सापडते! ‘नॉर्थ’च्या मुळाशी ‘डावीकडे’ हा अर्थ असावा, असं अनेक भाषाभ्यासक मानतात. इटलीतल्या प्राचीन उम्ब्रियन भाषेत ‘नेर्त्रु’ म्हणजे डावीकडे. ‘ईस्ट’ तर आपल्या ‘उषा’च्याच नात्यातली, दोन्हींचं मूळ पहाटेच्या उजेडात.

हजारो मैलांवरची माणसं, पण दिशा ठरवताना सगळ्यांनी तोंड केलं ते सूर्याकडेच. मला हे फार सुंदर वाटतं.

तुमच्या गावाकडे दिशांसाठी कोणते खास शब्द आहेत? नक्की लिहा.