उन्हाळ्यात हरितगृह थंड कसे ठेवावे?

मार्च उजाडला की हरितगृहधारकांची एक तक्रार हमखास ऐकू येते : "साहेब, ढोबळी मिरचीची फुले पहाटे दिसतात आणि संध्याकाळपर्यंत गळून पडतात." कोणी औषध विचारतो, कोणी संजीवकाची फवारणी करून येतो. अशा वेळी आमचा पहिला प्रश्न असतो, तुमच्या हरितगृहात दुपारी दोन वाजता आणि रात्री दोन वाजता किती तापमान असते? दुपारचा आकडा बहुतेकांना तोंडपाठ असतो. रात्रीचा क्वचितच कोणी सांगू शकतो.

ढोबळी मिरचीला दिवसा २१ ते २८ अंश सें. आणि रात्री १८ ते २० अंश सें. तापमान मानवते. दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या वर आणि रात्रीचे २४ अंशांच्या वर सतत राहू लागले की परागकणांची फलनक्षमता घटते व फुले गळतात. गळालेल्या फुलाचा परिणाम तोड्यात दिसायला पाच-सहा आठवडे लागतात. मार्चअखेरीस झालेल्या चुकीचे नुकसान मे महिन्यात कळते. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच येतो. म्हणून उष्णतेचा बंदोबस्त होळीच्या आधीच करावा.

उष्णता येते किती?

हा हिशेब एकदा समजून घेतला की पुढची सर्व कामे क्रमाने सुचतात. एप्रिलमध्ये भर दुपारी निरभ्र आकाशातून एका चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट सूर्यशक्ती पडते. प्लॅस्टिकमधून त्यातील ८० टक्क्यांच्या आसपास आत उतरते. दहा गुंठ्यांचे हरितगृह म्हणजे अंदाजे १,००० चौरस मीटर. तेव्हा आत शिरणारी शक्ती झाली सुमारे ७०० किलोवॅट. खोली तापविणाऱ्या एक किलोवॅटच्या सातशे शेगड्या एकाच वेळी पेटवून ठेवल्यासारखेच हे आहे.

आता फॉगरची बाजू पाहा. चार तोंडांचा एक फॉगर योग्य दाब असताना तासाला सुमारे २८ लिटर पाणी सोडतो. शंभर फॉगर एक मिनिट चालले की जवळपास ४७ लिटर पाणी उडते. तासात पाच वेळा चालविले तर २३० लिटरच्या घरात. एक लिटर पाण्याची वाफ होताना पाऊण युनिटला थोडी कमी इतकी उष्णता शोषली जाते. सर्वच्या सर्व पाण्याची वाफ झाली असे धरले तरी १५०-१६० किलोवॅटचा निचरा झाला. सातशेपैकी दीडशे! उरलेल्याचे काय?

बरेच शेतकरी फॉगर हेच तापमान कमी करण्याचे मुख्य साधन समजतात व इथेच फसतात. आधी ऊन अडवावे, मग गरम हवा बाहेर काढावी, झाडाला पोटभर पाणी द्यावे आणि सर्वांत शेवटी फॉगरची मदत घ्यावी, हा क्रम आहे. तो उलटा केला की पाणी व वीज खर्च होते, पाने ओली राहतात आणि तापमान जागेवरच राहते.

तापमापक कोठे टांगला आहे?

नगर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या हरितगृहाला काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही भेट दिली होती. ४७ अंश तापमान असल्याने पीक उपटून टाकावे की काय, असा त्यांचा विचार चालू होता. तापमापक लोखंडी खांबाला तारेने बांधलेला, आणि दुपारचे ऊन थेट त्याच्यावर. तो काढून पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, सावलीत, हवा खेळेल अशा जागी टांगला. अर्ध्या तासाने ३९ अंश दिसले. ३९ हेसुद्धा जास्तच आहे, परंतु पीक उपटण्याइतके नाही. त्यांचे पीक राहिले व जूनमध्ये पुन्हा फळधारणा झाली.

तापमापकासाठी पांढरा रंग दिलेली, चारही बाजूंनी फटी असलेली लाकडी पेटी गावातील सुताराकडून करून घ्यावी. तिच्यात दोन साधे तापमापक शेजारी-शेजारी ठेवावेत. एकाच्या फुग्याला मलमलचे कापड गुंडाळून त्याचे टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत सोडावे. कापड नेहमी ओले राहिले पाहिजे. वाचन घेण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे पुठ्ठ्याने वारा घालावा. कोरड्या व ओल्या फुग्याच्या तापमानातील फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी आणि तितका फॉगरचा उपयोग जास्त. बाष्पीभवनाने हवा ओल्या फुग्याच्या तापमानाखाली कधीच जात नाही. नगर-सोलापूरकडे ४० अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असताना ओला फुगा २२-२३ अंश दाखवितो, म्हणजे १७ अंशांची वाव असते. कोकणात ३३ अंश व ६५ टक्के आर्द्रता असेल तर ओला फुगा २७-२८ वर असतो, वाव अवघी पाच-सहा अंशांची. त्यामुळे सोलापूरच्या पाहुण्याचे ऐकून रत्नागिरीत फॉगरवर खर्च करू नये. तेथे सावली व वारा यांवरच भर द्यावा.

ऊन अडविणे

ढोबळी मिरचीला ५० ते ६० हजार लक्स प्रकाश पुरतो. उन्हाळ्यात बाहेर एक लाखाच्या आसपास असतो. तेव्हा निम्म्याच्या जवळपास प्रकाश अडविल्याने पिकाचे नुकसान होत नाही, मात्र तो दुपारपुरताच अडवावा. आतील शेडनेट सकाळी साडेदहा-अकराला ओढावी व चारच्या सुमारास उघडावी. दिवसभर ओढून ठेवल्यास झाडे उंच, लांब पेऱ्यांची होतात आणि फुलगळ सावलीमुळेही होते. मग शेतकरी पुन्हा उष्णतेलाच दोष देतो.

जाळीचा रंगही पाहावा. काळी वा हिरवी जाळी ऊन शोषून स्वतः तापते, आणि ती छताखाली असल्याने तिची उष्णता आतच राहते. पांढरी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची जाळी ऊन परतवते. किंमत जास्त, पण दहा गुंठ्यांना एकदाच करावयाचा खर्च आहे. जाळी छताच्या बाहेरून टाकली तर परिणाम अधिक चांगला मिळतो, परंतु वळवाच्या वादळात ती फाटते व कधीकधी प्लॅस्टिकही फाडते. ज्यांच्याकडे वारा फार आहे त्यांनी या भानगडीत पडू नये.

छतावर पांढरा लेप फवारणे हा स्वस्त उपाय आहे. अनेक ठिकाणी कळीचा चुना वापरतात. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने पाइपवरील जस्ताचा थर खातो. त्याऐवजी खडूची भुकटी व थोडा डिंक, अथवा याच कामासाठी मिळणारा तयार लेप वापरावा. मार्चच्या मध्यास पातळ फवारावा, एप्रिलमध्ये गरज वाटल्यास दुसरा हात द्यावा. पहिल्या चांगल्या पावसात बराचसा धुऊन जातो, उरलेला मऊ ब्रशने काढावा. जूनच्या ढगाळ हवेत लेप तसाच राहिला तर प्रकाश कमी पडतो.

गरम हवेला वाट

गरम हवा हलकी असते, ती वर चढते. तिला छताजवळ वाट मिळाली तर ती निघून जाते व बाजूच्या उघड्या भागातून बाहेरची हवा आत ओढली जाते. आपण ज्याला टॉप व्हेंट म्हणतो त्याचे काम हेच. पश्चिम महाराष्ट्रात उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून या झरोक्याचे तोंड पूर्वेकडे असावे. वारा छतावरून जाताना मागील बाजूस ओढ निर्माण होऊन गरम हवा खेचली जाते. वर सांगितलेल्या शेतकऱ्याचे तोंड नेमके पश्चिमेकडे होते. उभारणी करणाऱ्याने रस्त्याच्या सोयीने दिशा धरली होती. बांधून झालेले हरितगृह फिरविता येत नाही, त्यामुळे नवीन उभारणाऱ्यांनी पाया खोदण्यापूर्वीच हे तपासावे. मावळातील थंड व वाऱ्याच्या हवेत यशस्वी झालेला आराखडा मराठवाड्यात किंवा विदर्भात जसाच्या तसा उचलू नये. तेथे उंची अधिक व झरोके मोठे हवेत.

कीटकरोधक जाळीकडे फारसे कोणी पाहत नाही. ४० मेशची जाळी पांढऱ्या माशीला अटकाव करते, पण हवेलाही अडविते. फेब्रुवारीपासून तिच्यावर धुळीचा थर बसतो व छिद्रे बुजतात. दर पंधरा-वीस दिवसांनी कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवावी. एका मजुराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. बाजूला ज्वारीच्या ताटांचा किंवा कडब्याचा ढीग रचलेला असेल तर तोही हलवावा.

हिवाळ्याच्या सवयीने पुष्कळजण संध्याकाळी पडदे पाडतात. उन्हाळ्यात असे करू नये. दिवसभर तापलेली माती रात्री उष्णता सोडते, ती कोंडली की रात्रीचे तापमान २६-२७ अंशांवर राहते आणि फुलगळीला दुपारइतकीच रात्र कारणीभूत होते. एप्रिल-मेमध्ये वादळाचा इशारा नसेल तर पडदे व झरोके रात्रभर उघडे ठेवावेत.

झाड हेच मोठे कूलर

पूर्ण वाढलेले पीक उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी पानांतून व जमिनीतून हवेत सोडते. दहा गुंठ्यांत तीन-चार हजार लिटर. फॉगर दिवसाकाठी पाच तास वरील हिशेबाने चालले तरी बाराशे लिटरच्या आतच राहतात. म्हणजे फॉगरच्या तिप्पट काम झाडे फुकट करतात, अट एवढीच की मुळाशी ओल हवी. पाण्याचा ताण पडला की पर्णरंध्रे मिटतात, पान तापते व त्याबरोबर सारे हरितगृह तापते. नुकत्याच लागवड केलेल्या हरितगृहात भरलेल्या हरितगृहापेक्षा उकाडा जास्त जाणवतो, त्याचे कारणही हेच. शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये नवी लागण करू नये.

पाणी एकदाच न देता चार-पाच हप्त्यांत विभागून द्यावे. पहिला हप्ता सूर्योदयानंतर लगेच. उघड्यावरील काळ्या नळ्यांतील पाणी दुपारी हाताला चटका बसण्याइतके तापते व ते पहिल्या काही मिनिटांत थेट मुळांवर पडते. मुख्य नळी जमिनीत गाडावी, उपनळ्या आच्छादनाखाली घ्याव्यात. फळाचा शेंडा काळा पडत असल्यास केवळ कॅल्शियमच्या फवारणीवर विसंबू नये. पाण्यातील खंड व अति कोरडी हवा ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

फॉगर केव्हा व कसे?

कोरड्या व ओल्या फुग्यात ८ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर फॉगर सुरू करावेत, ४-५ अंशांवर आला की थांबावे. एका वेळी ३० ते ६० सेकंद व मध्ये १० ते १५ मिनिटांची विश्रांती. झरोके व पडदे उघडेच ठेवावेत. "थंडावा बाहेर जाईल" या समजुतीने पडदे पाडून फॉगर चालविणारे आजही भेटतात. बंद हरितगृहात हवा पाच-दहा मिनिटांत ओलाव्याने भरते, पुढचे पाणी वाफ न होता पानांवर पडते, आणि भुरी, करपा यांना आमंत्रण मिळते. चारनंतर फॉगर चालवू नयेत. पाने सूर्यास्तापूर्वी कोरडी झाली पाहिजेत. पाण्याचा दाब ४ किलोपर्यंत नसेल तर थेंब मोठे पडतात. ते थेंब म्हणजे पाऊसच, त्याने हवा थंड होत नाही.

विंधन विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने फॉगरची तोंडे बुजतात व पानांवर पांढरे डाग पडतात. यासाठी हरितगृहाच्या गटरचे पाणी साठवावे. ५०० मि.मी. पावसात दहा गुंठ्यांच्या छतावर पाच लाख लिटर पाणी पडते. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत फॉगरला लाखभर लिटर लागते. लहान अस्तरित शेततळे एवढ्यासाठी पुरे आहे, फक्त त्यावर झाकण हवे.

पंखा व ओल्या पॅडची पद्धत कोरड्या भागात तापमान खात्रीने उतरविते, पण हरितगृह बंद ठेवावे लागते. वीज गेली की काही मिनिटांतच आतील पीक भाजू लागते. जनित्राशिवाय या वाटेला जाऊ नये.

मजुरांचाही विचार करावा. आतील कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत, दुपारी कोणालाही एकट्याला आत पाठवू नये. गंधकाची फवारणी ३२ अंशांवर करू नये, पाने भाजतात.

मे महिन्यात पीक नसेल तर

विदर्भातील ४५ अंशांच्या मे महिन्यात ढोबळी मिरचीशी झटण्यापेक्षा हरितगृह रिकामे ठेवणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. तेव्हा हीच उष्णता कामाला लावता येते. पिकाचे अवशेष मुळांसह काढून जाळावेत, गादीवाफे मोकळे करून भरपूर ओलवावेत व त्यांवर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद अंथरून कडा मातीने दाबाव्यात. ठिबकच्या नळ्या, दाबमापक व विजेची उपकरणे बाहेर काढून घ्यावीत. मग पडदे, झरोके सर्व बंद करून हरितगृह चार ते सहा आठवडे तापू द्यावे. सूत्रकृमी, मर रोगाची बुरशी व तणांचे बी यांचे प्रमाण पुष्कळ घटते. काळा कागद वापरू नये, त्याखालील माती तेवढी तापत नाही. कागद काढल्यानंतर वाफे खोल खणू नयेत, खालची न तापलेली माती वर येते. शेणखतातून ट्रायकोडर्मा मिसळून आठवडाभराने लागण करावी.