ठोका डाव्या पायावर: शाळेच्या बँडविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनाचा मुख्य सोहळा तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. युद्धनौका, विमानं आणि मरीन कमांडोंची प्रात्यक्षिकं झालीच, शिवाय नौदलाचं बीटिंग रिट्रीटही मालवणकरांना घरच्या वाळूत पाहायला मिळालं. शाळेचा बँड मात्र या किनाऱ्याला जुनाच आहे. 15 ऑगस्टला पावसाची सर अंगावर घेत आणि 26 जानेवारीला कोवळ्या उन्हात तो वाजतो, आणि मग साइड ड्रम, बेस ड्रम, झांजा, ट्रँगल पुन्हा कपाटात जातात. विद्यार्थ्यांनी वर्षभर याच बँडचा अभ्यास करून प्रकल्प लिहावा असं कुणी सुचवलं, की काही ठरलेली वाक्यं कानावर येतात. त्यांतली काही साफ चुकीची आहेत. एक मात्र बँडच्या बाजूचं आहे आणि म्हणूनच ते खोडून काढायला सर्वांत अवघड.

गैरसमज: ‘झिलाचो अभ्यास बुडतलो.’

आठवड्यातून दोन-तीनदा तासभर सराव केल्याने कुणाचा अभ्यास बुडत नाही. पण या भीतीला उत्तर म्हणून बँडचे समर्थक जे सांगतात, त्याची मला जास्त काळजी वाटते. वाद्य वाजवलं की बुद्धी वाढते, गणित सुधारतं, असं ते सांगतात. 2004 मध्ये टोरांटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या 144 मुलांवर प्रयोग केला. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढलेला दिसला आणि ती बातमी जगभर पसरली. पुढे 2020 मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी अशा 54 अभ्यासांचा, जवळपास सात हजार मुलांचा, एकत्र आढावा घेतला. काटेकोरपणे आखलेल्या प्रयोगांत गणिताला किंवा स्मरणशक्तीला संगीताचा फायदा जवळजवळ दिसलाच नाही. तेव्हा बँडला गणिताची शिकवणी म्हणून पालकांच्या गळ्यात बांधू नये. चाचणीत गुण वाढले नाहीत, तर पालक पुढच्या वर्षी मुलाला बँडमधून काढतील. बँडमध्ये मूल जे खरोखर कमावतं ते वेगळं आहे, आणि त्याला गणिताच्या शिफारसपत्राची गरज नाही.

गैरसमज: प्रकल्प म्हणजे चिकटवलेल्या चित्रांची फाईल.

बाजारातून तयार चित्रं आणायची, ‘बँडचा इतिहास’ उतरवून काढायचा आणि बाईंची सही घ्यायची, एवढ्यावर प्रकल्प आटोपत असेल तर त्यातून मूल वाढणार नाही, हे खरंच आहे. पण बँडमध्ये प्रयोगाला किती जागा आहे, ते चिवल्याच्या किनाऱ्यावर जाऊन पाहावं.

संचलनाची नेहमीची गती मिनिटाला 120 पावलं, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. मालवणच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. बेस ड्रम पुढे आणि रांग 35 मीटर लांब असेल, तर शेवटच्या मुलाला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे पावलाच्या पाचव्या हिश्श्याइतका. तो अगदी प्रामाणिकपणे आवाजावर पाऊल टाकतो आणि तरीही त्याचं पाऊल चुकलेलं दिसतं. मागच्या रांगेतल्या मुलांना ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून जी बोलणी खावी लागतात, त्यांतली कितीतरी खरं तर ध्वनीच्या वेगाला खावी लागायला हवीत. बँड मेजर हातातली छडी उंच धरतो त्यामागचं कारणही इथेच सापडतं. डोळ्यांना दिसणाऱ्या इशाऱ्याला उशीर होत नाही.

आता प्रयोग. एका मुलीने किनाऱ्यावर उभं राहून दर अर्ध्या सेकंदाला बेस ड्रम वाजवायचा. बाकीच्यांनी टेप घेऊन तिच्यापासून दूर चालत जायचं. सुरुवातीला हात पडताना दिसतो आणि आवाज जवळजवळ त्याच क्षणी येतो. पुढे दोन्हींत फट पडू लागते. 87 मीटरच्या आसपास आवाज बरोबर दोन ठोक्यांच्या मध्ये येतो, आणि 175 मीटरच्या सुमारास हात आणि आवाज पुन्हा जुळतात, कारण ऐकू येतो तो आधीचा ठोका. ते अंतर अर्ध्या सेकंदाने भागलं की ध्वनीचा वेग मुलांच्या हातात येतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की आकडा थोडा बदलतो, सकाळी वेगळा येतो, आणि मग मुलं आपापसांत वाद घालू लागतात. हा वाद वहीत उतरला की प्रकल्प झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्यांतला एक दिवस चिवल्यावर घालवायला हरकत नाही.

दमट हवेचा प्रश्नही असाच. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चामडं ओलं झालं की सैल होतं आणि ढोलाचा आवाज बसतो. म्हणून पान शेकतात, दोऱ्या पुन्हा ताणतात. प्लास्टिकच्या पानाला हा त्रास नाही, पण त्याचा नाद वेगळा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकाच ढोलाची नोंद ठेवणाऱ्या मुलाला धीर धरायला वेगळं शिकवावं लागत नाही.

गैरसमज: बँड ही इंग्रजांची उसनवारी, आपलं त्यात काही नाही.

पितळी वाद्यं आणि कवायतीची पद्धत इंग्रजांबरोबर आली, हे खरं. पण खुद्द युरोपच्या लष्करी बँडमध्ये बेस ड्रम, झांजा आणि ट्रँगल अठराव्या शतकात तुर्कांच्या जॅनिसरी वाद्यवृंदाकडून आले. शेजारच्या गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलिपी शिकवली. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू, आणि 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचं नाव आलं ते शिष्याच्या कृतज्ञतेतून. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये 2022 साली ‘अबाइड विथ मी’ ही धून वगळली गेली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजवलं गेलं. ती चाल पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर यांची.

आणि आपल्या मुलांचा हात तयार होतो तो शाळेच्या मैदानावर येण्याआधीच. चतुर्थीत घरोघरीच्या आरत्यांना झांज धरलेली, डबलबारीच्या मांडवात रात्र जागवलेली, शिमग्याच्या रोंबाटात ढोलामागून नाचलेली ही मुलं असतात. प्रकल्पाने हा धागा पकडावा. वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत वाजणारं घुमट घ्या. त्याच्या मातीच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं कातडं वापरतात, आणि 2019 मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. घुमट करणाऱ्या कारागिरापुढे बसून, कातडं बदलल्यावर आवाज कसा बदलला, असं विचारणारी नववीतली मुलगी एका दुपारी कायदा, पर्यावरण आणि नाद हे तिन्ही विषय शिकते. अनोळखी वडीलधाऱ्याशी नीट बोलायलाही शिकते. ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

गैरसमज: ‘चेडवांक ढोल झेपाचो नाय.’

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या मुली कितीतरी वर्षांपासून विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवत आहेत. 26 जानेवारी 2024 ला कर्तव्यपथावरच्या संचलनाची सुरुवातच शंभराहून अधिक महिला वादकांनी केली आणि त्यांत महाराष्ट्राचे ढोल-ताशेही होते. वजनाचा प्रश्न मुलगा-मुलगी असा नसतोच. पट्टा कमरेला नीट बसला आहे का आणि ढोल वाजवणाऱ्याच्या उंचीला साजेसा आहे का, एवढंच पाहायचं.

गैरसमज: बँडमुळे शिस्त लागते, म्हणजे मूल सांगितलेलं ऐकू लागतं.

एकसाथ पावलं टाकण्याचा माणसावर खरोखर परिणाम होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी 2009 मध्ये विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे गट केले. काही गट पाऊल जुळवून चालले, काही नेहमीसारखे. नंतरच्या खेळात पाऊल जुळवणाऱ्यांनी एकमेकांना जास्त सहकार्य केलं. इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी 1995 च्या आपल्या पुस्तकात कवायत आणि नृत्य यांतून येणाऱ्या या एकत्वाचा मागोवा घेतला, आणि याच शक्तीचा वापर हुकूमशहांनीही केला हे नोंदवायला ते विसरले नाहीत. ‘सावधान’, ‘कदम ताल’, ‘थम’ यांवर हलणारी रांग देखणी दिसते, पण तेवढ्याने मुलाची वाढ झाली असं मी मानत नाही.

बँडची शिस्त कानाची आहे. बेस ड्रमचा ठोका डाव्या पायावर पडतो. तो वाजवणाऱ्या मुलाला आपला हात मिरवता येत नाही. त्याने वेग वाढवला तर सगळी रांग धावू लागते. साइड ड्रमवाल्याला शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर तो स्वतःच जास्त जोरात वाजवतोय हे त्याला कळायला हवं. वर्गात हुशार ठरलेल्या मुलाला इथे ट्रँगल घेऊन बारा मात्रा गप्प उभं राहावं लागतं आणि तेराव्या मात्रेला चुकून चालत नाही. प्रकल्पाच्या वहीत ‘आज मी काय वाजवलं’ याच्याखाली ‘आज मी कुणाचं ऐकलं’ असाही रकाना ठेवावा. हा रकाना पहिल्या महिन्यात रिकामा राहील आणि शिक्षकांनी तो भरण्याची घाई करू नये.

गैरसमज: आवाज मोठा तो बँड चांगला.

हा गैरसमज शरीराला इजा करतो, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. कामाच्या ठिकाणी कानाच्या सुरक्षेसाठी वापरला जाणारा एक मान्य निकष असा: 85 डेसिबल आवाजात आठ तास, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशोबाने 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. हा निकष प्रौढ कामगारांचा आहे, मुलांच्या बाबतीत आणखी सांभाळूनच राहायला हवं. पाऊस आहे म्हणून बंद वर्गात दहा ड्रम एकदम वाजवणं सर्वांत वाईट. पावसाळ्यात पडवीत, रबरी पॅडवर किंवा नुसत्या काड्या बाकावर आपटून सराव करता येतो, आणि ताल त्यातही तेवढाच पक्का होतो. कानात बोळे घालणं हा भित्रेपणा नाही, हे बँडच्या शिक्षकांनी स्वतः घालून दाखवावं. घरी आल्यावर मुलाच्या कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दुसऱ्या दिवशी सराव बंद ठेवावा, आणि तो आवाज थांबला नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावं.