तड्यांना रोखणारी धातू-तंतूंची जोडी

प्रत्येक उड्डाणात आतील हवेच्या दाबाने विमानाचे धड किंचित फुगते व उतरताना पूर्ववत होते. या सततच्या ताणाने ॲल्युमिनियमला सूक्ष्म तडे जातात. १९८८ मध्ये सांध्यांचा चिकटपणा सुटून पडलेल्या अशाच तड्यांमुळे अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचे छत आकाशात उखडले. एका हवाई सेविकेचा बळी गेला.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठात विकसित झालेले 'ग्लेअर' हे त्यावरील एक उत्तर. ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ पत्रे आणि इपॉक्सीत भिजवलेले काचतंतू आलटून पालटून रचले जातात. मग बंद भट्टीत उष्णता व दाबाखाली ते एकजीव होतात. पत्र्याला तडा गेला, तरी तंतू भार पेलून त्याची वाढ मंदावतात. एअरबस ए-३८०च्या धडाच्या वरच्या भागात हे वापरले आहे. मात्र पत्र्यांवर आधी काटेकोर रासायनिक प्रक्रिया हवी. अन्यथा थर सुटतात आणि जोडीचे बळच संपते.