फॅलॅक्रस सबस्ट्रायटस : काणीवर जगणारा भुंगेरा

फॅलॅक्रिडी कुलातील भुंगेरे चकचकीत, बहिर्गोल व काही मिलिमीटरच लांबीचे असतात. अनेक जाती फुलांवर आढळत असल्याने त्यांना ‘चमकदार पुष्पभुंगेरे’ म्हटले जाते. मात्र हे नाव सर्वांना लागू पडत नाही. गिलेनहाल यांनी १८१३ मध्ये वर्णिलेली फॅलॅक्रस सबस्ट्रायटस ही जाती यूरोपातील पाणथळ जागी कॅरेक्स वनस्पतींवर राहते. परंतु तिचे अन्न ती वनस्पती नसून तिच्या दाण्यांवर वाढणारी अँथ्रॅकॉइडिया ही काणीची बुरशी होय. अळ्या तिच्या काळ्या बीजाणुपुंजातच वाढतात. म्हणजेच कॅरेक्स पूर्णतः निरोगी झाल्यास हा भुंगेरा उपाशी राहील. अधिवासाचे संवर्धन करताना रोगकारक बुरशीही त्याचा आवश्यक घटक ठरू शकते, हे यावरून स्पष्ट होते.