आयरिश हर्लिंग आणि गांवोगांवचे क्लब

जुलै महिन्यांतील एका रविवारीं डब्लिन येथील क्रोक पार्क क्रीडांगणांत सुमारें ८२,००० माणसें दाटीवाटीनें बसलेलीं असतात. खालीं हिरवळीवर पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ. प्रत्येकाच्या हातांत तीन फूट लांबीची, टोंकाशीं रुंद व चपटी होत गेलेली लांकडी काठी. आणि कातड्यानें मढविलेला, मुठींत मावेल एवढा एक चेंडू. हा हर्लिंग या खेळाचा अखिल आयर्लंड अजिंक्यपदाचा अंतिम सामना. जाहिरातदारांनीं त्यासाठीं मोठाल्या रकमा मोजलेल्या असतात, दूरचित्रवाणीपुढें देशांतील निम्मीं घरें खिळलेलीं असतात. परंतु मैदानावरील तीस जणांपैकीं एकालाहि खेळण्याबद्दल वेतन मिळत नाहीं. सामना संपला कीं कोणी शाळेंत शिकवावयास, कोणी शेतावर, कोणी कचेरींत परत जातो. आणि दोनतीन आठवडे लोटतात न लोटतात तोंच यांतील बहुतेक जण आपापल्या गांवच्या मैदानावर, गांवच्या पोषाखांत, शेजारच्या सुताराच्या किंवा दुकानदाराच्या मुलाबरोबर खेळतांना दिसतात. जगांतील नामांकित खेळांत असा प्रकार क्वचितच आढळेल. तो ज्या गांवच्या क्लबांमुळें शक्य होतो, ते क्लब मात्र आज अडचणींत आहेत. आणि खेळाचें वैभव वाढत असतांनाच ते अडचणींत यावे, हें या गोष्टींतील खरें मर्म आहे.

हॉकी पाहिलेल्या श्रोत्यास हर्लिंग प्रथम हॉकीचाच भाऊबंद वाटेल. पण येथें चेंडू जमिनीवर राहतो तो थोडाच वेळ. तो काठीनें हवेंतल्या हवेंत टोलवावा, हातानें झेलावा, काठीच्या पात्यावर तोलून धरून धांवावें, हें सर्व चालतें. मात्र हातांत धरून चार पावलांहून अधिक जातां येत नाहीं, आणि जमिनीवर पडलेला चेंडू हातानें सरळ उचलतां येत नाहीं. गोलाचे खांब इंग्रजी ‘एच्’ अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर एक. काठीला आयरिश भाषेंत ‘कमॉन’ म्हणतात. वांकडें या अर्थाच्या ‘कम्’ शब्दापासून तें नांव आलें आहे; आपल्या ‘कमान’ शब्दाशीं त्याचें साम्य दिसतें, पण तो केवळ योगायोग होय.

खेळ फार जुना. इ. स. १३६६ मध्यें किल्केनी येथें केलेल्या कायद्यांत इंग्रज वसाहतवाल्यांनीं हा खेळ खेळूं नये अशी मनाई आहे. ज्या अर्थीं मनाई करावी लागली, त्या अर्थीं तो त्यांनाहि आवडूं लागला असला पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत दुष्काळ व देशांतर यांमुळें खेळ बऱ्याच भागांतून नाहींसा होत चालला. तेव्हां मायकेल क्युसॅक प्रभृति मंडळींनीं १ नोव्हेंबर १८८४ रोजीं टिपरारी काउंटींतील थर्ल्स गांवीं एका हॉटेलांत सभा भरवून गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापिली. या संस्थेनें खेळाची बांधणी केली ती ‘पॅरिश’वर, म्हणजे एका चर्चच्या कक्षेंतील गांव व आसपासच्या वाड्या यांवर. ज्या पॅरिशमध्यें मनुष्य जन्मला वा राहतो तेथेंच त्यानें खेळावें, असा सर्वसाधारण दंडक. बत्तीस काउंट्या म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारखे विभाग. त्यांचे संघ नंतरचे. १८८७ सालच्या पहिल्या अजिंक्यपदासाठीं काउंटीच्या वतीनें तेथील विजेता क्लबच उतरत असे, आणि पहिला मान थर्ल्सच्या गांवकऱ्यांनीं मिळविला. सारांश, काउंटीच्या संघांच्याहि आधीं येथें क्लब आहे.

असा क्लब म्हणजे काय, हें आपल्याकडील गांवची तालीम ज्यानें पाहिली असेल त्यास सांगावयास नको. एक मैदान, दोन खोल्या, आणि बहुधा एक उंच भिंत. या भिंतीला महत्त्व आहे. पांचसहा वर्षांचें मूल काठी घेऊन येतें, तें एकटेंच तासन् तास भिंतीवर चेंडू मारीत राहतें. डाव्या बाजूनें, उजव्या बाजूनें, परत आलेला चेंडू झेलून पुन्हां. फुटबॉल पंधराव्या वर्षीं शिकला तरी चालतो. हर्लिंगचा हात मात्र लहानपणींच बसावा लागतो. पुढें तो कितीहि पैसा खर्चून येत नाहीं. म्हणून ज्या गांवीं एक पिढी खंडली, तेथें खेळ पुन्हां रुजविणें अतिशय कठीण जातें. दक्षिणेंतील किल्केनी, टिपरारी, कॉर्क, लिमरिक, क्लेअर या काउंट्यांत खेळ घरोघरीं आहे, आणि उत्तरेंत व पश्चिमेंत पुष्कळ ठिकाणीं जवळजवळ नाहीं, याचें एक कारण हेंच आहे.

क्लबाचें काम चालवितात ते गांवचेच लोक, विनामूल्य. गवत कापणें, मुलांना मोटारींतून सामन्याला नेणें, पोषाख धुणें, चिठ्ठ्या विकून वर्गणी जमविणें, चहा करणें. पूर्वीं एवढ्यावर भागत असे. आतां मुलांना शिकविणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिसांकडून चौकशी व्हावी लागते, बालसंरक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, विमा, हिशेब, नोंदणी हें सर्व आलें. यांतील एकहि गोष्ट अनाठायीं नाहीं. मुलांचें रक्षण व्हावयासच पाहिजे. परंतु दिवसभर शेतांत किंवा कारखान्यांत राबलेल्या चिटणिसाला रात्रीं ही कागदपत्रें भरावीं लागतात, आणि दरवर्षीं वार्षिक सभेंत ‘पुढला चिटणीस कोण?’ या प्रश्नावर सर्वांच्या माना खालीं जातात. सामन्याला पंच मिळणें तर त्याहूनहि अवघड. शिव्या खाण्यासाठीं रविवार कोण खर्ची घालील?

याहून मोठी अडचण माणसांची. २०२२ च्या शिरगणतींत आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या ५१ लक्षांवर गेली; १८५१ नंतर पन्नास लक्षांचा आंकडा प्रथमच ओलांडला गेला. पण यांपैकीं चौथाईहून अधिक लोक एकट्या डब्लिन काउंटींत राहतात. तेथील कांहीं क्लबांचे सभासद कित्येक हजार आहेत. एकाच वयाच्या मुलांचे चार-चार संघ होतात आणि मैदान मिळविण्यासाठीं रांग लावावी लागते. तिकडे पश्चिमेच्या किनाऱ्यावरील पॅरिशांत एका वयाचीं पंधरा मुलें जमत नाहींत. मग पिढ्यान् पिढ्या एकमेकांशीं हाडवैर मानणारे दोन शेजारी क्लब मुलांचा संघ एकत्र करतात. वडीलधाऱ्यांना हें फार जड जातें, कारण शेजारच्या गांवाला हरविणें हाच तर त्यांच्या दृष्टीनें खेळाचा निम्मा आनंद! तरुणांची गोष्ट आणखी निराळी. गांवांत घर बांधावयाची परवानगी मिळत नाहीं, भाड्याचें घर परवडत नाहीं. विशीबाविशींतला चांगला खेळाडू ऑस्ट्रेलियाचा रस्ता धरतो. क्लबाच्या चिटणिसानें यावर काय करावें?

लहान क्लब हतबल झाले आहेत असें मात्र समजूं नये. किल्केनी काउंटींतील बॅलीहेल हें लहानसें गांव. त्याच्या क्लबानें अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद नऊ वेळां जिंकलें आहे, इतकें तें दुसऱ्या कोणालाहि साधलेलें नाहीं.

माणसांप्रमाणें झाडांचाहि प्रश्न उभा राहिला आहे. हर्लिंगची काठी परंपरेनें ॲश वृक्षाची. त्याचा कोणताहि भाग चालत नाहीं. जमिनीलगतचा सव्वा मीटरचा बुंधाच लागतो. तेथें खोड मुळांकडे वळतें, लांकडाचे धागेहि त्याबरोबर वळतात, आणि त्या वळणाबरहुकूम काठी कापली म्हणजे तिचें पातें टोल्याखालीं चिरफाळत नाहीं. पंचवीस-तीस वर्षें वाढलेलें झाड पाडावें तेव्हां एका बुंध्यांतून थोड्याच काठ्या निघतात; आणि एका मोसमांत खेळाडू त्यांतल्या कित्येक मोडतो. २०१२ च्या ऑक्टोबरांत लाइट्रिम काउंटींत, युरोपांतून आणून लावलेल्या रोपांवर, एका बुरशीचा रोग आढळला. पूर्व आशियांतून आलेली ही बुरशी पानांवर बसते, फांद्या शेंड्याकडून सुकवीत खालीं येते आणि अखेर झाड मारते. पोलंडांत तिचा उपद्रव १९९२ पासूनच दिसत होता, म्हणजे काठ्यांसाठीं जें लांकूड आयर्लंड बाहेरून मागवी, त्याच्या मूळ ठिकाणींहि तीच रड. वीस वर्षांपूर्वीं सरकारच्या उत्तेजनानें ज्या शेतकऱ्यांनीं ॲशचीं बनें लावलीं होतीं, त्यांच्या पदरीं जळाऊ लांकूड आलें. आतां कोणी बांबूचे थर दाबून काठी करतो, कोणी कृत्रिम द्रव्याची. त्या टिकतात, खेळाडूहि त्यांना रुळत आहेत. परंतु ज्या काठी करणाऱ्याच्या दुकानांत बसून मुलगा आपल्या उंचीची काठी निवडीत असे, मोडलेलीला पत्र्याची पट्टी मारून घेत असे, तो कारागीर या व्यवहारांत कोठें राहील, हें कोणी सांगत नाहीं.

इकडे वरच्या थराचा खेळ पार पालटला आहे. १९९९ चा अंतिम सामना कॉर्कनें किल्केनीविरुद्ध तेराला बारा अशा गुणांनीं जिंकला. दोन्हीं बाजूंना एकहि गोल नाहीं. २०२१ मध्यें लिमरिकनें कॉर्कविरुद्ध तीन गोल व बत्तीस वरचे गुण केले, म्हणजे एकूण एकेचाळीस. आणि हरणाऱ्या कॉर्कचे पंचवीस झाले! पूर्वीं गोलरक्षक चेंडू दूर टोलवी व खालीं दोघे गडी त्यासाठीं झगडत. आतां तो जवळच्या गड्याला हळूच देतात, हातोहात पुढें नेतात आणि अर्ध्या मैदानावरून दांडीपलीकडे धाडतात. जुन्या मंडळींना यांत जोखमीची मजा हरपलेली वाटते. ती तक्रार सर्वस्वीं खरी मानण्याचें कारण नाहीं, कारण आजच्या गड्याची नजर व चपळाई थक्क करणारी आहे. पण या चपळाईची किंमत पडते. आठवड्यांतून चारपांच दिवस सराव, व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ, आंकडेतज्ज्ञ. काउंटी-संघांच्या तयारीवर दरसाल कोट्यवधि युरो खर्च होतात. ती हौस मग क्लबांतहि झिरपते. बाहेरगांवचा व्यवस्थापक आणावयाचा, नियमाप्रमाणें त्याला प्रवासखर्चाहून अधिक द्यावयाचें नाहीं, आणि प्रत्यक्षांत पाकीट द्यावयाचें! २०१२ मध्यें संस्थेनें स्वतःच्याच टिपणांत या प्रकाराची उघड चर्चा केली. प्रकार थांबला असें मात्र नाहीं.

क्लबांच्या बाजूनें झालेली एक सुधारणा सांगितली पाहिजे. पूर्वीं अंतिम सामना सप्टेंबराच्या पहिल्या रविवारीं होई, आणि काउंटीचा संघ स्पर्धेंत असेपर्यंत क्लबांचे सामने लांबणीवर पडत. दोनतीन गडी काउंटीकडे, म्हणून उरलेले वीसबावीस जण सारा उन्हाळा सराव करीत स्वस्थ बसत; लग्न कधीं करावें हेंहि कोणाला ठरवितां येत नसे. २०२२ पासून वर्षाचे दोन भाग झाले : जुलैअखेरपर्यंत काउंटी, नंतर क्लब. यावर ओरड आहे कीं ऑगस्ट-सप्टेंबरांत वर्तमानपत्रांचीं पानें फुटबॉल व रग्बी यांना आंदण मिळालीं. पण गांवच्या गड्याला आपला सामना कधीं आहे हें आतां आधीं कळतें. प्रसिद्धीच्या मोबदल्यांत मिळालेली ही गोष्ट लहान नव्हे.

एवढें असूनहि संस्थेच्या मनांत दुबळ्यांविषयीं काय चालतें, तें २०२३ च्या अखेरीस दिसलें. कॅव्हन, फर्मना, लाइट्रिम, लाँगफर्ड आणि लाऊथ या पांच काउंट्यांत हर्लिंगचे क्लब अगदीं मोजके. तेव्हां त्यांचे संघ राष्ट्रीय लीगमधून वगळावे आणि तो पैसा तेथील मुलांच्या शिक्षणाकडे वळवावा, अशी सूचना पुढें आली. हिशेबाच्या वहींत सूचना निर्दोष होती. पण ज्या मुलाला मोठेपणीं आपल्या काउंटीचा पोषाख कधींच घालावयास मिळणार नाहीं, तें भिंतीवर चेंडू कशाला मारीत बसेल? खेळाडूंनीं एकमुखानें विरोध केला. सूचना मागें घ्यावी लागली.

लाइट्रिम ही लोकसंख्येनें देशांतील सर्वांत लहान काउंटी. सारे मिळून सुमारें ३५,००० लोक. हर्लिंगचे क्लब हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेहि नाहींत. २०१९ मध्यें याच काउंटीनें क्रोक पार्कवर सर्वांत खालच्या श्रेणीचा लॉरी मार चषक जादा वेळांत लँकेशायरला हरवून जिंकला. त्या संघांत झॅक मोरादी नांवाचा गडी होता. इराकमधील रमादीजवळच्या निर्वासितांच्या छावणींत एका कुर्दी कुटुंबांत त्याचा जन्म झाला. २००२ मध्यें तो लाइट्रिममधील कॅरिक-ऑन-शॅनन या गांवीं आला, आणि इंग्रजी धड येत नव्हती तेव्हां तेथें त्याच्या हातीं काठी पडली. पुढें कुटुंब डब्लिनला राहावयास गेलें. तेथें त्याला मोठा क्लब मिळाला, उत्तम मैदान मिळालें. तरी लाइट्रिमच्या सरावासाठीं तो दीडशे किलोमीटर मोटार हांकीत जाई, आणि रात्रीं तितकेच परत.