कायम वास्तव्याची दरखास्त

परक्या राष्ट्राच्या भूमीवर आपणांस कायमचे राहू द्यावे, अशी विनंती त्या राष्ट्राच्या सरकारकडे करणे ही आता मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. परंतु मनातील हा विचार सरकारदप्तरी रुजू करताना तपशिलाची जी शिस्त आणि सत्याची जी चाड अंगी असावी लागते, तिची यथार्थ कल्पना फार थोड्यांना असते. येथे कॅनडाचे उदाहरण घेतो, कारण अर्जदाराचे शिक्षण, भाषा, वय आणि अनुभव यांना गुण देऊन त्यांच्या बेरजेवर त्याची निवड करण्याची पद्धत १९६७ साली प्रथम त्याच देशाने अंगीकारली, आणि पुढे ऑस्ट्रेलियादी देशांनी तिचे अनुकरण केले.

त्या पद्धतीचे मोल कळण्यासाठी तिच्या आधीचा काळ आठवला पाहिजे. जन्मदेशातून अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच कॅनडात उतरू द्यावे, असा नियम १९०८ साली झाला. हिंदुस्थानातून तशी थेट आगबोट नव्हतीच, म्हणजे वंशाचा उल्लेखही न करता हिंदी माणसाला दार बंद करण्याची ती तजवीज होती. १९१४ साली कोमागाता मारू ही बोट ३७६ प्रवाशांसह, ज्यांत बहुसंख्य पंजाबी शीख होते, व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडली, आणि केवळ २४ जणांना उतरू देऊन तिला परत धाडण्यात आले. वंशभेदाची ही तटबंदी १९६२ च्या नियमांनी बव्हंशी ढासळली आणि १९६७ च्या गुणांकनाने माणसाचा वर्ण नव्हे, तर त्याची योग्यता विचारात घेण्याचे तत्त्व प्रस्थापित झाले. आज मुंबई-पुण्याचा अभियंता ज्या पद्धतीने अर्ज करतो, तिच्यामागे हा इतिहास उभा आहे.

जानेवारी २०१५ पासून हे काम ‘एक्स्प्रेस एंट्री’ या व्यवस्थेमार्फत चालते. देशाबाहेरच्या कुशल व्यावसायिकास प्रथम १०० पैकी ६७ गुण मिळवून पात्र ठरावे लागते. ही पायरी चढल्यावर तो इतर उमेदवारांच्या रांगेत दाखल होतो, आणि तेथे १२०० गुणांच्या दुसऱ्या मापाने त्याचा क्रम लागतो. यांपैकी ६०० गुण एखाद्या प्रांताने नामनिर्देशन केल्यास एकदम मिळतात. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वर्षांत असतात, तिशीनंतर ते दरवर्षी घटतात आणि ४५ व्या वर्षी शून्यावर येतात. वय कोणाला मागे फिरवता येत नाही आणि पदवी रातोरात मिळत नाही. भाषेचे गुण मात्र अभ्यासाने वाढतात. आयईएल्‌टीएसच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेत श्रवणाला ८ आणि वाचन, लेखन, संभाषण या प्रत्येकाला ७ गुण मिळाले, की भाषेचे गुण तर वाढतातच, पण शिक्षण व परदेशी अनुभव यांच्या जोडीने मिळणाऱ्या गुणांतही मोठी भर पडते. म्हणून ज्याला मनापासून अर्ज करावयाचा आहे, त्याने आपले पहिले श्रम भाषेवर खर्च करावेत.

नियम स्थिर राहतील असे मात्र कोणी गृहीत धरू नये. कॅनडातील नोकरीच्या हमीपत्राला १२०० गुणांच्या मापात दीर्घकाळ मिळणारे गुण मार्च २०२५ मध्ये रद्द झाले, आणि त्या गुणांच्या भरवशावर बसलेल्यांची गणिते एका हुकुमासरशी कोलमडली.

अर्जाचा खरा कस लागतो तो कागदपत्रांत. पदवीची समकक्षता नियुक्त संस्थेकडून ठरवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी अनेकदा गुणपत्रकांचा उतारा विद्यापीठाने स्वतः त्या संस्थेकडे पाठवावा लागतो. नोकरीच्या दाखल्यात हुद्दा, कालावधी, आठवड्याचे तास, वेतन आणि प्रत्यक्ष केलेली कामे यांचा उल्लेख हवा. आपल्याकडे ‘अमुक काळ समाधानकारक सेवा केली’ एवढ्या दोन ओळींवर दाखला संपतो, आणि तेवढ्याने तेथील अधिकाऱ्याची खातरजमा होत नाही. मराठी स्त्रियांपुढे आणखी एक अडचण उभी राहते: पदवी माहेरच्या नावाने, पारपत्र सासरच्या नावाने आणि बँकेचे खाते तिसऱ्याच लेखनाने असते. विवाहनोंदणीचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि प्रतिज्ञापत्र यांची जुळवाजुळव आधीच करून ठेवावी, कारण निमंत्रण आल्यावर संपूर्ण अर्ज दाखल करण्यास केवळ ६० दिवसांची मुदत असते, आणि तेवढ्यात पोलिसांचा चारित्र्यदाखलाही मिळवावा लागतो. निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम कर्जाऊ असून चालत नाही. ती आपलीच आहे, हे खात्याच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून दिसावे लागते.

येथेच मोहाचा प्रवेश होतो. अनुभवाचे एखादे वर्ष वाढवून देणारे, रक्कम चार दिवस खात्यावर फिरवून देणारे मध्यस्थ शहरोशहरी आहेत. त्यांच्या आहारी जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की असत्य निवेदनाबद्दल कॅनडाच्या कायद्यात पाच वर्षांची बंदी सांगितली आहे आणि ती अर्जदारावर पडते. मध्यस्थ दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळतो. मोबदला घेऊन प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार कॅनडातील वकिलांसारख्या परवानाधारक विधिव्यावसायिकांना आणि तेथील नियामक संस्थेकडे नोंदलेल्या सल्लागारांनाच आहे. सल्लागाराचा नोंदणीक्रमांक पडताळून पाहणे अवघ्या काही मिनिटांचे काम आहे.

धनाच्या बळावर हा मार्ग सुकर होतो, असाही एक समज आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारची गुंतवणूकदार योजना १९८६ साली सुरू झाली. अखेरच्या काळात तिच्यात आठ लाख डॉलर पाच वर्षे बिनव्याजी सरकारकडे ठेवावे लागत. अशा स्थलांतरितांकडून देशाला मिळणारा कर तुलनेने अल्प आहे, असे कारण देऊन २०१४ साली ती बंद झाली आणि प्रलंबित हजारो अर्जही त्यासोबत निकालात निघाले. अमेरिकेच्या ईबी-५ योजनेत निवडक क्षेत्रांसाठी आठ लाख डॉलर गुंतवून दहा पूर्णवेळ रोजगार निर्माण करावे लागतात, आणि पैशाच्या उगमाचा पुरावा द्यावा लागतो. भारतातून एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, हेही विसरता कामा नये. धनिकालाही कागदाची आणि सचोटीची परीक्षा चुकत नाही.

कायम वास्तव्य म्हणजे नागरिकत्व नव्हे. पारपत्र भारताचेच राहते, तेथे मतदानाचा हक्क मिळत नाही, आणि दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहण्याचे बंधन पाळावे लागते. पाच वर्षांत १०९५ दिवसांचे वास्तव्य झाल्यावर नागरिकत्व मागता येते. पण ते स्वेच्छेने स्वीकारताच भारताचे नागरिकत्व संपुष्टात येते, कारण आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अनिवासी झालेल्याला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. सातबाऱ्याशी ज्यांचे जिव्हाळ्याचे नाते आहे, अशा घरांनी हा विचार निघण्यापूर्वी करावा, नंतर नव्हे.

गुणवत्तेचा हा दरवाजा आपल्या पूर्वीच्या पिढ्यांना मिळाला नव्हता. तो आज खुला आहे, तर त्यातून प्रामाणिकपणे जावे. नियम त्या त्या सरकारच्या अधिकृत निवेदनांतून स्वतः वाचावेत, आणि दुसऱ्याने भरून दिलेला अर्ज अक्षरशः तपासल्याखेरीज त्यावर स्वाक्षरी करू नये, हीच प्रत्येक अर्जदाराला कळकळीची विनंती आहे.