दातिवऱ्याहून खुलताबाद : विमान एक तासाचं, प्रवास किती तासांचा?

खुलताबादला जियारतीला जायचं ठरलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "विमानाने जाऊ, तासाभरात औरंगाबाद!" तिकिटावरचा तो एक तास खोटा नाही. पण तो दातिवऱ्यापासूनचा नाही.

मुंबई आणि चिकलठाणा (औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. छोटं पंख्याचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, मोठं जेट ८०० च्या वर. हिशेबाने अर्धा तास पुरे. तरी वेळापत्रकात एक तास किंवा थोडा जास्त वेळ दिसतो. कारण वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं हे सगळं त्यात येतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत, म्हणून रांग लागते.

आता घरापासून मोजू. वेळा अंदाजे आहेत.

- दातिवरे ते सफाळे स्टेशन : पाऊण तास
- गाडीची वाट पाहणं : अर्धा तास
- सफाळे ते अंधेरी लोकल : १ तास २० मिनिटं
- अंधेरी ते विमानतळ : अर्धा तास
- विमानतळावर आधी पोचणं : २ तास
- विमान : १ तास १० मिनिटं
- सामान घेऊन बाहेर : अर्धा तास
- चिकलठाणा ते खुलताबाद : सव्वा तास

एकूण आठ तास! त्यातला हवेतला जेमतेम एक. जोगेश्वरीच्या माणसाला हाच प्रवास साडेपाच तासांचा पडतो. तिकीट तेच, पण घर विमानतळाजवळ.

गाडी करून मनोर, जव्हार, नाशिकमार्गे गेलं तरी आठ-नऊ तासच लागतात. मुंबईकडे उलटं जावं लागत नाही, दारातून बसायचं आणि दर्ग्याशी उतरायचं. वजूला, लघवीला हवं तिथे थांबता येतं. रेल्वेने दादरहून जायचं तर फक्त गाडीतच साडेसहा-सात तास. स्वस्त, पण घरापासून मोजलं तर अख्खा दिवस.

म्हणून घरात बुजुर्ग असतील तर वेळेपेक्षा चढ-उतार मोजा. विमानाच्या वाटेत लोकल, स्टेशनचे जिने, रिक्षा, तपासणीची रांग, पुन्हा टॅक्सी. गुडघे दुखणाऱ्या आईला ते आठ तास आणि गाडीतले आठ तास सारखे नाहीत. उलट, ज्यांना घाटात उलट्या होतात किंवा फार वेळ बसवत नाही, त्यांना विमान बरं. तेव्हा व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा आणि विमानतळापर्यंत लोकलऐवजी गाडी करा.

नमाजचा प्रश्नही हमखास येतो. "तासाभराचं विमान, मग कसर कशी?" कसरसाठी वेळ नाही, अंतर बघतात. खुलताबाद त्या अंतराच्या कितीतरी पुढे आहे. गावाची वस्ती सुटली की माणूस मुसाफिर. शाफई मंडळींना प्रवासात जोहर-असर एकत्र पढता येते. हनफी मंडळी कसर करतात, पण प्रत्येक नमाज आपापल्या वेळेत. काही शंका असेल तर निघण्याआधी मशिदीत इमामसाहेबांना विचारून घ्या.

तिकीट काढण्याआधी एका कागदावर वरची यादी आपल्या घरापासून मांडून बघा. मगच ठरवा.